दख्खन ट्रॅपमध्ये (एकावर एक साचलेल्या बेसॉल्टच्या थरांत) मॅपिंग: लाव्हाप्रवाहांच्या सीमा नकाशावर कशा काढायच्या?

प्रश्न | भूशास्त्र_विद्यार्थी
एम.एस्सी.च्या फील्डवर्कला कसारा घाटाजवळचा साधारण ९ चौ. किमी भाग मिळालाय. टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा नकाशा) १:५०,००० ची. जिकडे बघावं तिकडे काळा बेसॉल्ट आणि डिप (थरांचा कल) जवळपास शून्य. ब्रंटन (कल आणि दिशा मोजायचा कंपास) घेऊन करायचं काय?

घाटमाथा
डिप मोजत बसू नका. थरांचा कल बहुतेक ठिकाणी एका अंशाहूनही कमी असतो. तो खडकावर कंपास ठेवून कळत नाही. इथे मोजायची ती सीमेची उंची. ओढ्यातून किंवा घाटरस्त्याच्या कापातून खालून वर चढत जा, प्रत्येक सीमेची उंची लिहा, मग शेजारच्या ओढ्यात तीच सीमा शोधा. थर आडवे असल्याने रेषा कंटूरला (समान उंचीच्या रेषेला) धरून जायला हवी. मध्येच कंटूर तोडून खाली उतरली, तर आधी उंची पुन्हा तपासा आणि तो दगड वरून घसरून आलेला नाही ना ते बघा. फॉल्टचा (थर तुटून सरकल्याचा) विचार त्यानंतर.

सीमा ओळखायची ती अशी: पाहोएहोए (गुळगुळीत पृष्ठभागाच्या लाव्हाच्या) प्रवाहाच्या तळाशी नळीसारख्या उभ्या पोकळ्या, मध्ये भरीव गाभा आणि माथ्याला पुन्हा दाट पोकळ्या, बऱ्याचदा झिओलाइट खनिजांनी भरलेल्या. त्यातले छोटे लोब (लाव्हाच्या जिभा) सुटे काढू नका, या स्केलला ते मावतच नाहीत. पूर्ण प्रवाह एक एकक धरा.

काळवत्री
तांबड्या बोलबद्दल (दोन प्रवाहांमधल्या लाल मातकट थराबद्दल) सावध राहा. सीमा दाखवायला तो उत्तम, पण एकाच डोंगरात असे अनेक थर असतात आणि काही थोड्या अंतरात संपतात. दरीपलीकडचा लाल पट्टा तोच समजून जोडला की पुढचा सगळा नकाशा चुकतो. कसारा भागात खात्रीची खूण म्हणजे जायंट फेनोक्रिस्ट बेसॉल्ट: प्लॅजिओक्लेज या खनिजाचे काही सेंटिमीटर लांबीचे पांढरट स्फटिक लांबूनही दिसतात. आधी तो पकडा, बाकीचे प्रवाह त्याच्या वर-खाली लावा.

भूशास्त्र_विद्यार्थी
उंची मोबाइलच्या जीपीएसवरून घेतली तर चालेल?

घाटमाथा
एकट्या त्यावर नको. उंचीत १०-२० मीटरची चूक सहज होते आणि टोपोशीटवर दोन कंटूरमधलं अंतरच २० मीटर आहे. हवेच्या दाबावर चालणारा अल्टिमीटर (उंचीमापक) घ्या आणि नकाशावरच्या स्पॉट हाइटला (छापलेल्या बिंदूच्या उंचीला) तासा-दोन तासांनी जुळवा. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल बदलला की उंची सुमारे ८ मीटरने सरकते.

काळवत्री
ब्रंटन लागेल तो डाइकसाठी (थरांना छेदून भिंतीसारख्या उभ्या घुसलेल्या खडकासाठी). मात्र बेसॉल्टमधल्या चुंबकत्वाने सुई हलते, म्हणून कंपास खडकावर टेकवू नका. डाइकच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्याकडे बेअरिंग घ्या, मग तिकडून उलट. दोन्हींत १८०° चा फरक आला नाही, तर तो आकडा सोडून द्या.

नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर २५ मीटर, तेव्हा पेन्सिल टोकदार हवी. प्रत्यक्ष पाहिलेली सीमा सलग रेषेने, अंदाजाची तुटक रेषेने, आणि हा फरक जागेवरच करा. संध्याकाळी शाई फिरवताना कोणती कुठली ते आठवत नाही.