‘इकोफ्रेंडली’ हा शब्द लेबलवर एकटा छापूच देऊ नये. तुमचं मत?

मानपाड्याची:
यंदा गणपतीचं विसर्जन घरीच बादलीत करायचं ठरवलं होतं. सासूबाईंची तयारी नव्हती. निदान महापालिकेच्या कृत्रिम तलावात तरी न्या, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांची समजूत काढली: मूर्ती शाडूची आहे, रात्रभरात विरघळेल, ती माती आपल्या तुळशीत घालू, म्हणजे बाप्पा घरातच राहील. हे शेवटचं त्यांना पटलं.

स्टॉलवर मोठा हिरवा फलक होता, ‘इकोफ्रेंडली बाप्पा’. पाटाखाली त्याच शब्दाचं स्टिकर, शेजारी पानाचं चित्र. विसर्जनाला आज नववा दिवस. बादलीतलं पाणी गुलाबी झालंय, सोंडेवरचा रंग गेलाय आणि मूर्ती जशीच्या तशी बसलेली आहे. सासूबाई रोज सकाळी गॅलरीच्या दारातून बघतात आणि काही न बोलता आत जातात. मला तेच सहन होत नाही.

स्टॉलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, रंग इकोफ्रेंडली आहेत. मूर्ती शाडूची आहे असं मी कुठं म्हणालो?” खरंच म्हणाला नव्हता. शब्द त्याचा होता, त्यातली माती मी माझ्या मनाने घातली.

त्यानंतर घरात शोधायला लागले. किराणा दुकानातून आलेली ‘प्लास्टिकला नाही म्हणा’ छापलेली कापडासारखी पिशवी: ती नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. मुलीच्या वाढदिवसाला आणलेले ‘निसर्गस्नेही’ कागदी कप: आतून प्लास्टिकचा पातळ थर, नाहीतर चहा झिरपला असता. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 मध्ये अशा कपात 100 मिली गरम पाणी 15 मिनिटं ठेवून पाहिलं, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरले.

माझं म्हणणं एवढंच: हा शब्द एकटा छापायला बंदी हवी. काय, कशापासून, वापरून झाल्यावर त्याचं काय करायचं, हे लिहा. नाहीतर शब्द काढा.

वाशीचा_जाहिरातवाला:
असहमत. तुमची फसवणूक झाली, वाईट वाटलं. पण फसवलं त्या माणसाने, शब्दाने नव्हे. दर वर्षी कर्नाटकचा आंबा आमच्या वाशीच्या मार्केटमधून ‘अस्सल हापूस’ म्हणून पेट्यांत भरून जातो. मग ‘अस्सल’ शब्दावर बंदी घालायची का? की ‘घरगुती मसाला’ लिहिणाऱ्याला विचारायचं, कोणाच्या घरचा?

वीस वर्षं या धंद्यात आहे. पाकिटावर दोन इंच जागा मिळते आणि गिऱ्हाईक ते क्षणभर बघतं. त्या क्षणात ‘हे बरं आहे’ एवढंच पोहोचवता येतं. उद्या प्रत्येक शब्दाला पुरावा मागितलात, तर कंपन्या बोलायच्याच थांबतील. बोलून फायदा नसेल तर करतीलही कशाला? आज दुकानात साधा साबणसुद्धा कमी प्लास्टिकमध्ये यायला लागला, तो या शब्दाच्या हव्यासानेच आला.

मानपाड्याची:
हापूसचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे ठरले. त्यामुळे खोटी पेटी निघाली तर ‘हा हापूस नाही’ असं आज म्हणता तरी येतं. माझ्या मूर्तीबद्दल मी काय म्हणू? ‘ही इकोफ्रेंडली नाही’ म्हटलं की तो रंगाकडे बोट दाखवतो. व्याख्या नसलेल्या शब्दाला खोटं पाडता येत नाही, आणि म्हणूनच तो सगळ्यांना हवा असतो.

घणसोलीचे_सर:
रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून बादलीपुरतं बोलतो. तुमची मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची (पीओपी) दिसते. ते पाण्यात कालवून वाळवलं की त्याचं जिप्सम होतं. जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. पंधरा लिटरच्या बादलीत चाळीस ग्रॅमच्या आत. मूर्ती तीन किलोची असेल तर ती पूर्ण विरघळायला हजार लिटरहून जास्त पाणी लागेल. तेव्हा नऊ दिवस काय, नव्वद दिवस थांबलात तरी तेच.

उपाय आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत काढलेली आहे. त्या द्रावणात मूर्ती ठेवून मधूनमधून ढवळलं की दोन-तीन दिवसांत ती मोडते. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, म्हणजे खडूसारखा गाळ. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, ते भरपूर पाणी घालून झाडांना देता येतं. उग्र वास येतो, तेव्हा उघड्या गॅलरीतच करा. गाळ मात्र तुळशीत घालू नका, ती माती नव्हे.

ऐरोलीची_पिशवीवाली:
मला या धाग्याचा राग आला आहे आणि तो स्पष्ट सांगते. आमचा बारा बायकांचा बचत गट आहे. जुन्या साड्या आणि शिंप्यांकडची कातरणं यांच्या पिशव्या शिवतो, प्रदर्शनांत विकतो. प्रत्येक पिशवीवर ‘इकोफ्रेंडली’ असा रबरी शिक्का आहे. मागच्या महिन्यात ठाण्यात एका बाई स्टॉलवर आल्या आणि विचारलं, “प्रमाणपत्र आहे का? हल्ली सगळेच लिहितात.” पिशवी ठेवून निघून गेल्या. पलीकडच्या दुकानातून त्यांनी काय घेतलं असेल? छान छापील कार्ड अडकवलेली गोणपाटाची महाग बॅग.

तुम्ही म्हणता तो पुरावा कोणाला परवडतो? ज्यांच्याकडे प्रयोगशाळेत नमुना पाठवायला पैसे आहेत त्यांना. म्हणजे खोटं बोलले मोठे, आणि शब्द काढून घेणार आमच्याकडून. आम्हाला इंग्रजीतला हा एकच शब्द येतो जो ऐकून गिऱ्हाईक थांबतं.

घणसोलीचे_सर:
ताई, राग धरू नका, पण कापडाबद्दल एक विचारतो. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये हिशेब मांडला होता. तापमानवाढीच्या बाबतीत सुती पिशवीने साध्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायची, तर ती 131 वेळा वापरावी लागते. कापसाला लागणारं पाणी, खत, गिरणीतली वीज सगळं त्यात आलं. कापडी म्हणजे आपोआप चांगली, असं होत नाही.

ऐरोलीची_पिशवीवाली:
सर, तो हिशेब नव्या कापसाचा ना? आमच्या पिशवीसाठी कुणी कापूस पेरला नाही. साडी कुणीतरी पंधरा वर्षं नेसली, मग तिची गोधडी होणार होती किंवा कचऱ्यात जाणार होती. आम्ही फक्त शिवतो, तेही निम्म्या जणी पायमशीनवर.

घणसोलीचे_सर:
मान्य. अगदी मान्य. मग तेच का नाही छापत? ‘जुन्या साडीपासून शिवलेली’. याला प्रयोगशाळा लागत नाही, कुणी विचारलं तर साडीचा काठ दाखवायचा.

सीवूड्सकर:
गणपती आणि पिशव्यांपेक्षा मोठी गोष्ट राहिली. घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जा, किंवा आमच्याकडे पाम बीच रोडने. प्रत्येक होर्डिंगवर ‘ग्रीन लिव्हिंग’, ‘निसर्गाच्या कुशीत’. आमच्याकडे वर फ्लेमिंगोचं चित्र. ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि 2022 पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे ते तिथल्या चिखलामुळे आणि तिवरांमुळे, इमारतींमुळे नव्हे. पक्षी खाडीचा, पैसे बिल्डरला.

घर शोधताना मी एका प्रकल्पाचं ब्रोशर नीट वाचलं. ‘ग्रीन बिल्डिंग’च्या खाली लिहिलं होतं: सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पावसाचं पाणी जिरवण्याची सोय, ओल्या कचऱ्याचं खत. हे उपकार नव्हेत. 20,000 चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि या गोष्टी तिच्या अटींतच असतात. हेल्मेट घालतो म्हणून कुणी स्वतःला वाहतूकमित्र म्हणवून घेत नाही.

दुसरं, ‘प्री-सर्टिफाइड गोल्ड’. हा शिक्का आराखड्यावर मिळतो, बांधून झालेल्या इमारतीवर नाही. अंतिम मानांकन नंतर, आणि ते घेतलं की नाही हे ताबा घेताना क्वचितच कोणी विचारतं. मी विचारलं, तर विक्री कार्यालयातल्या मुलीला फरकच माहीत नव्हता. तिचा दोष नाही, तिला तेवढंच शिकवलं होतं.

वाशीचा_जाहिरातवाला:
होर्डिंगवरचं पान बघून कुणी दीड कोटींचं घर घेत नाही. स्टेशन किती लांब, पाणी किती तास, हे बघून घेतात. आणि कायदा झालाय की! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर 2024 मध्ये आली. त्यांत नुसता हिरवा रंग किंवा निसर्गाचं चित्र वापरणं, त्यातून दिशाभूल होत नसेल तर, ग्रीनवॉशिंग, म्हणजे पर्यावरणाच्या नावाने दिशाभूल, धरलेलं नाही. सरकारलाही कळतं की जाहिरातीला थोडी मोकळीक लागते.

मानपाड्याची:
त्याच तत्त्वांचं पुढचं पान मी या नऊ दिवसांत वाचलं. ‘ग्रीन’, ‘इकोफ्रेंडली’, ‘नैसर्गिक’, ‘सस्टेनेबल’ असे मोघम शब्द वापरायचे तर सोबत खुलासा आणि आधार हवा. ‘कंपोस्टेबल’, ‘प्लास्टिकमुक्त’, ‘नेट झिरो’ असा नेमका दावा केला, तर प्रमाणपत्र, भरवशाचा शास्त्रीय पुरावा किंवा त्रयस्थाची तपासणी हवी. जागा दोन इंच असेल तर क्यूआर कोड चालतो, हेही त्यात आहे. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘जाहिरात’ म्हणजे लेबल, वेष्टन आणि बिलसुद्धा. दिशाभुलीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. म्हणजे मी जी बंदी मागते आहे ती बरीचशी आधीच लिहिलेली आहे. फक्त गणपतीच्या स्टॉलपर्यंत ती कुणी आणलेली नाही.

ऐरोलीच्या ताई, तुमचं बोलणं मला लागलं. मी पहिल्या पोस्टमध्ये सगळ्यांना एकाच मापाने मोजलं. प्रमाणपत्र नाही म्हणून तुमची पिशवी टाकून जाणं चूकच. पण त्या बाई तशा का झाल्या, तेही बघा. त्यांच्या घरीही एखादी बादली भरलेली असेल.

वाशीचा_जाहिरातवाला:
ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन करा मग. माझं मत बदललेलं नाही: शब्द खर्च झाला की बाजार नवा शब्द काढेल, त्यालाही तुम्ही व्याख्या मागाल. गिऱ्हाइकाने प्रश्न विचारावा, हाच उपाय.

सीवूड्सकर:
प्रश्न विचारायला माहिती लागते, आणि ती लपवायचे पैसे तुमच्या धंद्याला मिळतात. कडवट वाटेल, पण खरं आहे. निदान घराच्या बाबतीत रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार जाहिरातीतल्या खोट्या विधानामुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येते. म्हणून ब्रोशर जपून ठेवा. मी ठेवलं आहे.

कळव्याचा_मूर्तिकार:
उशिरा आलो. आमचा कारखाना पेण तालुक्यात, हमरापूरला. मी कळव्यात राहून विक्री बघतो. धाग्यातल्या मूर्तीशी आमचा संबंध नाही, पण अशी स्टिकरं दुकानदार आणून लावतात हे माहीत आहे.

आमची बाजू कुणी मांडलेली नाही. आम्ही दोन्ही करतो, शाडू आणि पीओपी. 9 जून 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला परवानगी दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र तेव्हा दिली नाही. म्हणजे पीओपी विकणं गुन्हा नाही. पीओपीला पीओपी न म्हणणं हा गुन्हा. शाडू वाळायला दिवस लागतात, पावसात तर जास्तच. एका साच्यातून पीओपीच्या जेवढ्या मूर्ती निघतात त्याच्या निम्म्याही शाडूच्या निघत नाहीत, आणि वाहतुकीत कान-बोटं मोडतात ती वेगळी. मग किंमत वाढते. गिऱ्हाईक विचारतं, “इकोफ्रेंडली आहे ना? मग एवढी जड का? एवढी महाग का?” त्याला हलकी, चकचकीत, स्वस्त आणि विरघळणारी अशी एकच मूर्ती हवी असते. ती कुठल्याच कारखान्यात होत नाही. हे कुणी तोंडावर सांगत नाही, म्हणून स्टिकर लागतं.

शाडूही गुजरातेतून ट्रकने येते. तिलाही मी नुसतं ‘इकोफ्रेंडली’ म्हणणार नाही. शाडू म्हणेन.

ऐरोलीची_पिशवीवाली:
सर, नवा शिक्का करायला टाकला. ‘जुन्या साडीची पिशवी, धुता येते.’ खाली लहान अक्षरात ‘इकोफ्रेंडली’ ठेवलंय, ते काढणार नाही. अर्थ वर लिहिलाय आता.

मानपाड्याची:
माझ्या मते हे चालेल.

मूर्तिकार दादा, आमच्या सोसायटीत वीस-बावीस घरं गणपती आणतात. पुढच्या वर्षी सगळ्यांची एकत्र ऑर्डर दिली, तर बिलावर काय लिहून द्याल?

कळव्याचा_मूर्तिकार:
लिहून देईन: ‘मूर्ती पूर्ण शाडूची, आत तार नाही, वजन अमुक किलो.’ बुकिंग होळीच्या आधी करा, ऐन वेळी शाडू मिळत नाही. रंगाचं आधीच सांगतो. मुकुट आणि दागिन्यांचा सोनेरी रंग विरघळत नाही, पाण्यावर तवंग येतो. तुळशीत माती घालायची असेल तर अंगाला हळद-गेरूचे रंग आणि मुकुटही पिवळ्या मातीचा करून देतो. पण फिकी दिसेल, चमक राहणार नाही. घरच्यांना चालेल का?

मानपाड्याची:
सासूबाईंना विचारून सांगते.