मदत हवी आहे: आटलेल्या विहिरीत बेडकांची दाटी, रोग पसरेल का?

नमस्कार मंडळी,
आमचं शिवार माण तालुक्यात. विहिरीने तळ गाठलाय, गुडघाभर पाणी उरलंय आणि आसपासचे सगळे बेडूक तिथेच गोळा झालेत. परवा एका कपारीत अकरा मोजले, अंगावर अंग टाकून बसलेले. मोटरच्या पाइपाचा सांधा गळतो, त्याखाली गोणपाट टाकलंय. एक बेडूक मागचे पाय फाकवून, पोट गोणपाटाला चिकटवून तासन्‌तास तिथे बसतो. (बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटा-मांड्यांच्या कातडीतून ओढून घेतो.)

या आठवड्यात तीन मेलेले सापडले. एकाचं पोट लालसर होतं आणि बोटांवरून पापुद्रा सुटत होता.

कोस्टारिकातल्या माँटेव्हर्देच्या जंगलाबद्दल वाचलं आणि धास्तावलो. 1987 च्या कोरड्या काळानंतर तिथला सोनेरी भेक झपाट्याने कमी झाला, 1989 मध्ये एकच नर दिसला, पुढे कुणालाच नाही. उरल्यासुरल्या ओलीला बेडूक दाटले आणि त्यांच्यात कायट्रिड बुरशी (बेडकांच्या कातडीला लागणारी रोगाची बुरशी) फैलावली, असा एक अंदाज आहे. पण या बुरशीचे बीजाणू तर पाण्यात पोहतात आणि सुकले की मरतात. मग दुष्काळात रोग कमी व्हायला हवा ना? विहिरीत औषध टाकू का? की थोडे बेडूक शेजारच्या शेततळ्यात नेऊन सोडू?

प्रतिसाद:
दादा, बेडूक हलवू नका. रोग असलाच तर शेततळ्यातही जाईल.

तुमचा प्रश्न बरोबर आहे. तापल्या रानात ही बुरशी टिकत नाही, 28 अंशांच्या वर तिची वाढ थांबते. पण तिला 17 ते 25 अंश मानवतात आणि विहिरीचा तळ थंड असतो, ओलाही. तिथे एकाची लागण दुसऱ्याला सहज होते.

दुसरी बाजू कातडीची. बेडकाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात जिवाणू राहतात आणि त्यातले काही बुरशीला रोखतात. एक जिवाणू जांभळं द्रव्य तयार करतो. कॅलिफोर्नियातल्या डोंगरी बेडकांना तो लावल्यावर ते बुरशीला तोंड देऊ शकले, हा प्रयोग 2009 मध्ये छापून आला. कातडी सुकली की या जिवाणूंची घडी विस्कटते. म्हणून विहिरीत ब्लीचिंग पावडर, मीठ, पोटॅश काहीही टाकू नका, हे राखणदारही मरतील.

गोणपाट मात्र उत्तम! सावलीत अशी चार-पाच ओली ठिकाणं लांब लांब करा, पाणी त्याच विहिरीचं घाला. दाटी आपोआप फुटेल.

लाल पोट इतर आजारांतही दिसतं आणि तहानेनेही बेडूक मरतात. कातडीवरून फिरवलेला कापूस प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय बुरशी ओळखता येत नाही. पुढचा मेलेला दिसला तर हातमोजे घालून उचला, पोटाचा आणि बोटांचा जवळून फोटो काढा, जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला दाखवा. फोटो इथेही टाका, मी बघतो. विहिरीत उतरलेले बूट दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी उन्हात कडकडीत वाळवा.