मतदारसंघाच्या रेषा आमदारांनीच का ओढायच्या? (विषय अमेरिकेतल्या राज्यांचा)

पाटीपेन्सिल:
दर दहा वर्षांनी जनगणना झाली की इथल्या बहुतेक राज्यांत आमदारच आपापल्या मतदारसंघांच्या हद्दी ठरवतात, म्हणजे पेपर पण त्यांनीच काढायचा आणि तपासायचा पण त्यांनीच. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याने राज्याच्या सिनेटच्या नकाशावर सही केली, त्यातला एक मतदारसंघ सॅलमँडर या पालीसारख्या प्राण्यासारखा वेडावाकडा होता, त्यावरून गेरीमँडर, म्हणजे आपल्या सोयीने हद्दी वाकवणं, हा शब्द आला. तेव्हा निदान डोकं तरी खपवावं लागायचं, आता सॉफ्टवेअर गल्ली न् गल्ली मोजून देतं.

विस्कॉन्सिनमध्ये रिपब्लिकनांनी काढलेल्या नकाशावर २०१८ ला असेंब्लीसाठी (राज्याची विधानसभा) डेमोक्रॅट्सना राज्यभर साधारण ५३ टक्के मतं पडली आणि सीटा आल्या ९९ पैकी ३६. छत्तीस! फेडरल सुप्रीम कोर्टाने २०१९ ला ५ विरुद्ध ४ ने हात वर केले, पक्षीय गेरीमँडरिंग आमच्या अखत्यारीत येत नाही म्हणाले. मग आता राज्यांनीच काय ते करायचं. माझं म्हणणं एवढंच, पेन आमदारांच्या हातातून काढून घ्या.

उगाचच:
५३ टक्के हा आकडा सगळे फेकतात पण रिपब्लिकनांनी त्या वेळी कितीतरी ठिकाणी उमेदवारच दिला नव्हता हे कोणी सांगत नाही. समोर कोणी नसल्यावर मतं फुगणारच ना. आणि मिलवॉकी, मॅडिसन या शहरांत डेमोक्रॅट दाटीवाटीने राहतात, त्यांची मतं थोड्याच मतदारसंघांत साचतात, त्याला नकाशा काय करणार? आणि हो, इलिनॉयबद्दल चकार शब्द नाही तुमच्या पोस्टमध्ये, तिथे पेन डेमोक्रॅट्सच्या हातात आहे, २०२२ ला ११८ पैकी ७८ घेतल्या त्यांनी.

पाटीपेन्सिल:
इलिनॉय पण तितकंच वाईट, लिहायचं राहिलं, मान्य. उमेदवार नसल्याचा मुद्दाही बरोबर आहे, पण मग त्याच दिवशीची गव्हर्नरची निवडणूक घ्या, तिथे तर दोन्हीकडे उमेदवार होते. रिपब्लिकन गव्हर्नर वॉकर राज्यात हरला पण ९९ पैकी ६३ मतदारसंघांत पुढे होता. दाटीवाटीने थोडा फरक पडतो हो, एवढा नाही. २०२३ च्या शेवटी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो नकाशा उडवला, नवीन नकाशावर २०२४ ला रिपब्लिकन ५४, डेमोक्रॅट ४५. बहुमत रिपब्लिकनांचंच राहिलं, पण आता ते जाऊ शकतं, एवढंच तर हवं होतं.

मिशिगनवाली:
आमच्याकडे मिशिगनमध्ये २०१८ ला लोकांनी मत देऊन आमदारांऐवजी नकाशा काढणारं कमिशन आणलं. १३ साधी माणसं, चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठलेच नाहीत, आणि निवड चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखी. मी त्याच्या बाजूने मत दिलं होतं, अजूनही देईन, पण खरं सांगायचं तर त्यांनी डेट्रॉइट शहराचे लांब लांब पट्टे काढून उपनगरांना जोडले, काळ्या मतदारांचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी खाली आलं, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये फेडरल कोर्टाने १३ मतदारसंघ रद्द केले. वंश बघून रेषा ओढल्या म्हणून. हेतू चांगला असला की काम चांगलं होतंच असं नाही, हे मला त्या वेळी कळलं.

उगाचच:
अगदी हेच! आमदाराला निदान पुढच्या वेळी पाडता तरी येतं, चिठ्ठीने आलेल्याला कोण पाडणार?

मिशिगनवाली:
आमदाराला तरी पाडणार कसं, नकाशाच त्याने काढलाय 😄 तुम्ही मूळ मुद्दाच विसरलात. ओहायोत नावाला कमिशन होतं पण आत सगळे राजकारणीच, राज्याच्या कोर्टाने विधिमंडळाचे नकाशे पाच वेळा फेटाळले तरी त्यांनी दाद दिली नाही.

गणितवेडा:
दोन्ही बाजू रेषांवरच भांडताय. आयोवात नकाशा बिनपक्षीय कर्मचारी बनवतात, कुठला आमदार कुठे राहतो हे त्यांना बघायचीच बंदी, ते चांगलंय, पण तिथे शहरं लहान आहेत. जिथे एका मतदारसंघातून एकच आमदार तिथे रेष कुठेतरी पडणारच आणि कोणाचं तरी मत वाया जाणारच. इलिनॉयमध्ये १८७० पासून १९८० पर्यंत एका मतदारसंघातून तीन आमदार निवडून यायचे, प्रत्येक मतदाराला तीन मतं, तिन्ही एकालाच दिली तरी चालायची. त्यामुळे डेमोक्रॅट्सच्या शिकागोत रिपब्लिकन आमदार आणि रिपब्लिकनांच्या खेड्यापाड्यांत डेमोक्रॅट आमदार असायचे, आज हे सांगितलं तर लोक हसतील. १९८० ला लोकांनीच ते बंद केलं, आमदारांची संख्या एक तृतीयांशाने कमी होतेय, पैसे वाचतील म्हणून.

उगाचच:
हे माहीत नव्हतं. पण एकाच पक्षाचे तिघे उभे राहिले की मतं फुटणार, म्हणजे किती जण उभे करायचे हे पक्षाचे दादालोकच ठरवणार.

गणितवेडा:
ठरवायचेच. बऱ्याच ठिकाणी एक पक्ष दोन उभे करायचा, दुसरा एक, लोकांना निवडायला काही उरायचंच नाही. तरी पण शिकागोतल्या रिपब्लिकनाला कोणीतरी आपला होता.

पाटीपेन्सिल:
तीन आमदार चालतील मला, पण त्या मोठ्या मतदारसंघाची रेष कोण ओढणार ते आधी सांगा.