.३७५ मॅग्नम रायफलीची हँडलोड आणि खांद्यावर बसणारा धक्का: आधी काय सुधारावे?

कोथरूडकर:

नमस्कार. माझा मामेभाऊ बरीच वर्षे अलास्कात अँकरेजजवळ स्थायिक आहे. तिथला रीतसर परवाना काढून तो दर शरद ऋतूत मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीला जातो आणि रायफलीची काडतुसे घरीच भरतो (हँडलोड). आजवर त्याच्याकडे .३०-०६ होती, यंदा त्याने.३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम घेतली. दुर्बिणीसह तिचे वजन जेमतेम ४ किलो आहे आणि तो ३०० ग्रेनची गोळी वापरतो. मी स्वतः बालेवाडीला एअर रायफलचा सराव करतो आणि नोकरी मोजमाप विभागात आहे, म्हणून दादा आपले सगळे आकडे माझ्याकडे पाठवतो.

प्रकाशित पुस्तिकेतील किमान मापापासून सुरुवात करून त्याने दारूची चार मापे ठरवली आणि प्रत्येकी तीन गोळ्या झाडल्या. तिसऱ्या मापाने १०० यार्डांवर जेमतेम २५ मिलिमीटरचा गट दिला, म्हणजे तिन्ही भोके तेवढ्याच अंतरात पडली. त्याच मापाच्या पाच गोळ्यांच्या वेगाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, सेकंदाला ८ फूट आले. आता शोध संपला असे आम्हा दोघांनाही वाटले. पुढच्या आठवड्यात त्याच काडतुसांचा गट ७० मिलिमीटरवर गेला आणि बहुतेक गोळ्या खाली, डाव्या बाजूला लागल्या. दादा उजव्या हाताने नेम धरतो. त्याचा खांदा काळानिळा झाला आहे. दारू निम्म्यावर आणावी की नळीच्या तोंडाला वायू बाजूला वळवणारा ब्रेक लावावा, असे तो विचारतो आहे. त्याला काय सांगावे?

खडकीकर:

आपल्या दादांचे माप बिघडलेले नाही. ते सिद्धच झालेले नव्हते, एवढाच याचा अर्थ आहे. मी दारूगोळ्याच्या गुणवत्ता तपासणीत नोकरी केली आहे आणि तीन गोळ्यांच्या गटावर भाळलेली हुशार माणसे तिथे पाहिली आहेत. पाच गोळ्यांवरून काढलेले प्रमाण विचलन ८ आले, तर खरे विचलन ९५ टक्के खात्रीने साधारण ५ ते २३ च्या दरम्यान कुठेही असू शकते. आपण मोजमापाच्या क्षेत्रात आहात, तेव्हा हा पट्टा किती रुंद आहे हे आपल्याला वेगळे सांगायला नको. दोन मापांतील फरक खरा आहे असे म्हणायचे असेल, तर प्रत्येक मापाच्या किमान दहा गोळ्या, त्याही दोन वेगवेगळ्या दिवशी झाडून पाहाव्यात. पण एका बैठकीत अशा वीस गोळ्या कोणाचाही खांदा सहन करणार नाही, म्हणून आधी धक्क्याचा हिशेब करू.

१९१२ मध्ये आलेले हे काडतूस ३०० ग्रेनची, म्हणजे १९.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने फेकते. गोळीचा संवेग साधारण १५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतो. त्यात दारूच्या वायूचा संवेग मिळवावा लागतो, आणि तो बहुतेक जण विसरतात. साडेचार ग्रॅमच्या आसपासची दारू वायुरूपाने गोळीपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने, ढोबळमानाने १३०० मीटर प्रतिसेकंद धरू, बाहेर पडते आणि आणखी ६ ची भर घालते. एकूण २१. चार किलोची रायफल त्यामुळे सव्वापाच मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येते आणि खांद्याला सुमारे ५५ ज्यूल ऊर्जा झेलावी लागते. त्यांच्या जुन्या .३०-०६ मध्ये हाच आकडा २७-२८ च्या घरात असतो. खांदा एकदम दुप्पट मार खातो आहे.

दस्त्यात अर्धा किलो शिसे बसवले, तर ५५ चे ४९ होतात. गोळीचा वेग ७७० वरून ६८५ पर्यंत खाली आणला, तर दारूही कमी लागते आणि आकडा ४१ च्या आसपास येतो. म्हणजे वेग ११ टक्क्यांनी घटला, पण धक्का जवळजवळ चौथ्या हिश्शाने उतरला. सरावासाठी मी हाच मार्ग निवडेन.

मात्र "दारू निम्म्यावर आणावी" हे वाक्य वाचून मला खरोखर धास्ती वाटली. मंद जळणारी दारू मोठ्या पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात) अर्धवट भरली, की तिचे प्रज्वलन अनियमित होते, आणि अशा भरणीतून दाब अनपेक्षितपणे उसळून रायफली फुटल्याच्या नोंदी आहेत. कमी वेगाची काडतुसे भरायची तर दारू उत्पादकाने त्या काडतुसासाठी स्पष्टपणे छापलेलीच मापे घ्यावीत. हॉजडन कंपनी आपल्या 'एच ४८९५' या दारूसाठी, त्या काडतुसाच्या तक्त्यात ती दिलेली असल्यास, कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येण्याची मुभा देते. अशी लेखी मुभा नसलेल्या दारूचे किमान माप हे किमानच मानावे.

आणखी एक गोष्ट दादांना आजच पाहायला सांगा. या काडतुसाच्या बुडाशी जो पट्टा असतो, त्यावर ते चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, टेकते. त्यामुळे पहिल्या वेळी झाडताना पुंगळी पट्ट्याच्या लगेच पुढे ताणली जाते. दर वेळी डायने (वापरलेली पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याने) तिचा खांदा, म्हणजे तोंडाकडे निमुळता होणारा भाग, पुरता मागे ढकलला, की ती पुन्हा त्याच जागी ताणते आणि भिंत पातळ होत जाते. एक बारीक तार घ्यावी, टोक काटकोनात वाकवून त्याला धार करावी आणि ती पुंगळीच्या आत बुडापर्यंत घालून भिंतीला घासत वर ओढावी. पट्ट्याच्या किंचित वर तार खाचेत अडखळली, किंवा बाहेरून तिथे चकचकीत कडे दिसले, तर ती पुंगळी चेचून टाकावी. डाय अशी लावावी, की खांदा इंचाच्या एक-दोन हजारांशाइतकाच मागे सरकेल.

बालेवाडीचा प्रशिक्षक:

खाली आणि डावीकडे जाणाऱ्या गोळ्या उजव्या हाताच्या नेमबाजाबद्दल बरेच काही सांगतात. धक्का बसणार या अपेक्षेने शरीर चाप सुटण्याआधीच आवळते. हे ठरवून होत नाही, म्हणून ते फक्त उपदेशाने जातही नाही.

त्याची खातरजमा सोपी आहे. मैदानावर सोबत्याने रायफल भरून हातात द्यावी आणि कधी खरे काडतूस, कधी दारू व प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेले डमी घालावे. झाडणाऱ्याला आत काय आहे ते कळता कामा नये. डमीवर चाप ओढला गेला, की आवाज होत नाही, पण नळीचे तोंड खचकन खाली बुडालेले सगळ्यांना दिसते. ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी मान्य करत नाही. त्यानंतर निदान काही आठवडे .२२ वर, डमी मिसळूनच सराव करावा आणि मोठ्या रायफलीच्या गोळ्या एका दिवशी आठ-दहांच्या पुढे नेऊ नयेत.

बाकावर वाकून झाडणे हे खांदा निळा होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. पुढे झुकलेल्या शरीराला मागे जायला जागाच राहत नाही, म्हणून सगळा धक्का खांद्याच्या हाडावर येतो. उभे राहिल्यावर तोच धक्का कमरेपासून वरचे अंग मागे घेऊन जिरवते. टेकू उंच करून ताठ बसावे, दस्ता आणि खांदा यांच्यामध्ये वाळूची लहान पिशवी ठेवावी, आणि नळी तपासून झाली की बाक सोडून काठ्यांच्या टेकूवर उभ्याने झाडावे. दस्ता सैल धरू नये. जागा सुटली की रायफल वेग घेऊन आदळते. दुर्बीणही पुढे सरकवून पाहावी. डोळ्यापासून ९ सेंटिमीटर अंतर या रायफलीत मला कमीत कमी वाटते, कारण नाहीतर भुवई फुटते, आणि एकदा भुवई फुटलेल्या माणसाची धास्ती घालवायला मला फार वेळ लागलेला आहे.

नळीच्या ब्रेकने धक्का नक्की कमी होतो, पण वायू बाजूला फेकला गेल्याने शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कानांवर अन्याय होतो. शिकारीत सोबती कानांवर संरक्षण न घालता उभा असतो. दस्त्याचे माप, जाड रबरी पॅड आणि वजन हे तिन्ही जमवल्याशिवाय मी ब्रेककडे वळणार नाही.

सदाशिव पेठ:

हा धागा वाचून कोणाला पुण्यात प्रयोग करावासा वाटू नये, म्हणून दोन ओळी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रे येतात, आणि उत्पादनाचा परवाना हा शस्त्र बाळगण्याच्या परवान्याहून वेगळा असतो. शिकारीला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदीच आहे. दादांनी आठवण म्हणून रिकामी पुंगळी दिली, तरी ती सामानात घालून लोहगावला उतरू नका.

कोथरूडकर:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री व्हिडिओ कॉलवर वहिनींनी मैदानावरून डमीचा प्रयोग दाखवला. तिसऱ्याच वेळी नळी एवढी खाली गेली, की दादा रायफल ठेवून बराच वेळ गप्प बसला. तारेने तपासल्यावर दोन पुंगळ्या खाचेत अडखळल्या. त्या बाद केल्या. दस्त्यात शिसे भरण्याचे काम तो या आठवड्यात करतो आहे. एक शंका उरते: मॅगझिनमध्ये थांबलेल्या काडतुसांवर या धक्क्याचा परिणाम होतो का?

खडकीकर:

होतो, आणि हे मी आधीच लिहायला हवे होते. रायफल मागे येते, आतली काडतुसे जडत्वाने जागीच राहू पाहतात, मॅगझिनची पुढची भिंत गोळ्यांच्या नाकावर आपटते आणि गोळी पुंगळीत आत सरकू शकते. गोळी आत गेली, की आतली जागा घटते आणि दाब वाढतो. एका काडतुसावर पेनाने खूण करून व्हर्नियरने लांबी लिहून ठेवावी, ते मॅगझिनच्या तळाशी घालावे, वरची सगळी झाडून झाल्यावर बाहेर काढून पुन्हा मोजावे. कमाल लांबी ३.६०० इंच आहे, पण इथे पाहायचा आहे तो आधीच्या आणि नंतरच्या लांबीतील फरक. लांबी घटली असेल, तर अंगावर खाच असलेली गोळी घेऊन पुंगळीचे तोंड त्या खाचेत दाबून बसवावे, आणि त्यासाठी सगळ्या पुंगळ्या एकाच लांबीला कापलेल्या असाव्यात; नाहीतर काहींची पकड घट्ट आणि काहींची सैल राहते. हे झाल्यावर वेगाची मोजणी नव्याने करावी, कारण पकड बदलली की जुने आकडे लागू होत नाहीत.