घोडीचा कुशिंग आजार: गोळीऐवजी निर्गुंडीचा काढा चालेल का?

प्रश्न
माझी मारवाडी घोडी 22 वर्षांची आहे. वैशाख सरला तरी तिचे हिवाळ्यातले लांब, कुरळे केस गळालेले नाहीत, पाठीचे मांस उतरले आहे आणि ती सारखी पाणी पिते. रक्तात एसीटीएच हे संप्रेरक वाढलेले आढळल्याने डॉक्टरांनी कुशिंगचे (पीपीआयडी) निदान करून पर्गोलाइडची गोळी रोज, आयुष्यभर देण्यास सांगितले आहे. परदेशात यावर ‘व्हायटेक्स’ ही वनस्पती देतात आणि ती म्हणजे आपली निर्गुंडीच, असे एका परिचितांनी सांगितले. गोळीऐवजी काढ्याने भागेल काय?

उत्तर 1
नाही. तिकडची वनस्पती व्हायटेक्स अ‍ॅग्नस-कॅस्टस आणि आपली निर्गुंडी व्हायटेक्स निगुंडो. नात्याने जवळच्या असल्या तरी त्या एक नव्हेत. शिवाय त्या परदेशी वनस्पतीनेही एसीटीएच खात्रीने उतरते असे सिद्ध झालेले नाही. या आजारात मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या चेतापेशी झिजतात आणि पीयूष ग्रंथीच्या मधल्या भागावरचा लगाम सुटतो. पर्गोलाइड डोपामाइनसारखेच काम करून तो लगाम पुन्हा ओढते. सुरुवातीला घोडी चारा कमी खाऊ लागली, तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांशी मात्रेविषयी बोलावे.

उत्तर 2
वरील मताशी सहमत आहे. मात्र ‘नैसर्गिक’ काळजीला खरा वाव खाण्यात आहे. गूळ, उसाचे वाढे, भिजवलेले हरभरे आणि गव्हाचा कोंडा हे आपण लाडाने देतो, पण त्यांतील साखर व पिष्ट अशा घोड्याच्या खुरांना दाह (लॅमिनायटिस) आणू शकतात, आणि या आजारात घोडा बहुधा खुरांमुळेच जायबंदी होतो. मी वाळलेले गवत तासभर भरपूर गार पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देतो. उन्हाळ्यात त्याहून जास्त वेळ ठेवले तर गवत आंबते. चरायला सोडायचे तर भल्या पहाटे, कारण दिवसभराच्या उन्हाने गवतात साखर साठते. उन्हाळ्यात केस मशीनने कापून घ्यावेत आणि नालबंदाला सहा आठवड्यांच्या आत बोलवावे.

प्रश्नकर्ता
ती आधीच रोडावली आहे. चारा कमी करू काय?

उत्तर 1
मुळीच नको. साखर कमी करायची आहे, पोट नव्हे. दात तपासून घ्यावेत आणि रक्तातील इन्सुलिनही मोजावे. वजन वाढवण्यासाठी तेल थोडे-थोडे वाढवत द्यावे.