लॉजिक ॲनालायझरवर नॅकचा ट्रिगर कसा लावायचा? एकतर लागतच नाही नाहीतर लगेच लागतो

बल्ककूलर_लॉगर
नमस्कार मंडळी. गावातल्या दूध संकलन केंद्रावरच्या बल्क कूलरसाठी टेंपरेचर लॉगर बनवलाय, अर्दुइनो नॅनो आणि डीएस3231 चं ते घड्याळाचं मॉड्यूल ज्यावर एटी24सी32 ईईप्रॉमपण (वीज गेली तरी नोंदी जपणारी मेमरी चिप) असतो. दर 10 मिनिटांनी एक नोंद आणि झाकण उघडलं की एक नोंद. घड्याळ दर सेकंदाला वाचतो. सगळं नीट चालतं पण दिवसातून एखाद-दुसरी नोंद गायब असते, आणि वेळ ठरलेली नाही.

लॅमिंग्टन रोडवरून 8 चॅनेल 24 मेगाहर्ट्झवाला स्वस्तातला लॉजिक ॲनालायझर (वायरवरचे सिग्नल रेकॉर्ड करणारी डबी) आणला, लॅपटॉपवर त्याचे सिग्नल दाखवणारं पल्सव्ह्यू टाकलं, डी0 चॅनेलला एससीएल (आय-टू-सी बसची क्लॉकची वायर), डी1 ला एसडीए (डेटाची वायर). नॅक म्हणजे चिपने 'मिळालं' (ॲक) असं उत्तर न देणं, तेव्हा क्लॉक वर जाताना एसडीएपण वर, म्हणून ट्रिगरला (कॅप्चर कधी पकडायचं ती अट) दोन्ही चॅनेलवर रायझिंग दिलं तर अर्धा तास नुसता वाट बघत बसला. मग दोन्हीला हाय दिलं तर रन दाबल्या दाबल्या लागला आणि समोर नुसत्या दोन सरळ रेघा. डिकोडर (सिग्नलमधले बाइट वाचून दाखवणारा भाग) तर नॅक व्यवस्थित ओळखतो, मग त्याच्यावरच ट्रिगर का लावता येत नाही? दोन रात्री गेल्यात यात. नोंद गेली की दूध किती वेळ 4 डिग्रीच्या वर होतं ते केंद्रवाल्यांना दाखवताच येत नाही, म्हणून जीव तुटतोय.

तांब्याची_तार
दादा, दोन्ही वेळेला ॲनालायझरने तू सांगितलं तेच केलंय. पल्सव्ह्यूमध्ये चॅनेलच्या नावावर क्लिक करून ज्या अटी देतो त्या सगळ्या एकाच सॅम्पलला (एका क्षणाच्या मोजणीला) खऱ्या ठराव्या लागतात. म्हणजे दोन्ही रायझिंग दिलं की दोन्ही एज (वायर वर किंवा खाली जाण्याचा क्षण) त्याच सॅम्पलमध्ये पाहिजेत, आणि आय-टू-सीत डेटा बदलतो क्लॉक खाली असताना, क्लॉक वर जातो त्याच्या नंतर, त्यामुळे त्या दोन एजेसची गाठ पडतच नाही. आणि दोन्ही हाय म्हणजे रिकामी बस, पुलअपमुळे (वायर वर ओढून धरणारे रेझिस्टर) दोन्ही वायर वरच असतात, म्हणून लगेच लागला.

एक एज आणि बाकी लेव्हल अशी जोडी चालते. एससीएल हाय आणि एसडीए फॉलिंग दे, बरोबर स्टार्टवर, म्हणजे बसवरचा संदेश सुरू होतो तिथे, लागेल. एससीएल हाय आणि एसडीए रायझिंग म्हणजे स्टॉप. पण तुझं काम त्याने होणार नाही कारण स्टार्ट दर सेकंदाला येतोय. नॅक ओळखायचा तर नववा क्लॉक (8 बिटांनंतरचा, उत्तराचा) मोजावा लागतो, आणि हा साधा ट्रिगर मोजत नाही, त्याला फक्त आत्ताचं सॅम्पल आणि त्याच्या आधीचं एवढंच कळतं. डिकोडर वेगळा, तो ट्रिगरला धरून चालत नाही. 'आधी हे, मग ते' अशा पायऱ्या लावायच्या तर तसं हार्डवेअर लागतं, ओपनबेंच लॉजिक स्निफरमध्ये अशा 4 पायऱ्या होत्या.

जुनी_स्क्रीन
ट्रिगर काढूनच टाका की, सलग रेकॉर्ड करा आणि नंतर डिकोडरमध्ये नॅक शोधा.

तांब्याची_तार
1 मेगाहर्ट्झने अर्धा तास म्हणजे 180 कोटी सॅम्पल, सॅम्पलला एक बाइट धरली तरी 1.8 जीबी. आणि याचा फॉल्ट दिवसातून एकदा येतोय. लॅपटॉप दुपारपर्यंतपण टिकणार नाही.

रात्रपाळी_टेस्टिंग
मी रोज हेच काम करतो म्हणून सांगतो, ॲनालायझरला फॉल्ट शोधायला लावायचाच नाही, तो तुमच्या प्रोग्रॅमला आधीच कळलेला असतो. ईईप्रॉमला लिहिल्यावर अर्दुइनोचं एंडट्रान्समिशन फंक्शन काय रिटर्न करतं ते तपासा, 0 म्हणजे ठीक, 2 म्हणजे पत्त्यालाच नॅक, 3 म्हणजे डेटाला नॅक. 0 सोडून काहीही आलं की एक रिकामी पिन हाय करा, ती पिन डी2 ला जोडा आणि फक्त डी2 ला रायझिंग ट्रिगर. डी0 डी1 वरच्या सगळ्या अटी काढून टाका, एक जरी राहिली तरी परत 'एकाच सॅम्पलला' वाली भानगड.

आता महत्त्वाचं. पिन वर जाते तेव्हा नॅक होऊन गेलेला असतो, म्हणजे तुम्हाला बघायचंय ते ट्रिगरच्या आधीचं. डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये प्री-ट्रिगर कॅप्चर रेशो असतो तो 90 टक्के करा. 10 लाख सॅम्पल 4 मेगाहर्ट्झने म्हणजे पाव सेकंद, त्यातले 225 मिलिसेकंद ट्रिगरच्या आधीचे मिळतील. 24 मेगाहर्ट्झच्या मोहात पडू नका, या डबीत साठवायला मेमरी नसते, सगळा डेटा यूएसबीवरून सलग लॅपटॉपला जातो आणि ट्रिगरपण लॅपटॉपच तपासतो, वेग जास्त ठेवला की कॅप्चर मध्येच तुटतं. 100 किलोहर्ट्झच्या बसला 4 भरपूर झाले. ग्राउंडची वायर बोर्डाजवळच लावा आणि लॅपटॉपचं स्लीप बंद करा, माझी एक अख्खी रात्र त्यातच गेलीय.

बल्ककूलर_लॉगर
सापडलं!!! काल संध्याकाळी लावून घरी गेलो, सकाळी येऊन बघतो तर ट्रिगर लागलेला. स्क्रीनवर आधी ईईप्रॉमचं एक पूर्ण राइट दिसतंय, 0xAE (ईईप्रॉमला लिहितानाचा त्याचा पत्ता), मग आतल्या जागेचा दोन बाइट पत्ता, मग नोंदीच्या 8 बाइट, सगळ्यांना ॲक, स्टॉप. त्यानंतर जेमतेम 2 मिलिसेकंदांत परत स्टार्ट, परत 0xAE, आणि नॅक. आणि त्याच्या पुढे डी2 वर गेलेली. वेळ बघितली तर 10 मिनिटांची नोंद आणि झाकणाची नोंद एकाच वेळी आलेल्या, पहाटे दूध ओततात तेव्हाची.

रात्रपाळी_टेस्टिंग
मग चिप खराब नाही. स्टॉप आला की एटी24सी32 आतमध्ये लिहायला घेतो, त्याला 10 मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात, आणि तेवढा वेळ तो स्वतःच्या पत्त्यालासुद्धा उत्तर देत नाही. दर वेळी डिले 10 टाकूनपण चालेल पण मला ते पटत नाही. नुसता पत्ता पाठवत राहा, 0 आलं की पुढची नोंद लिहा, आणि 20 मिलिसेकंदांत नाहीच आलं तर एरर धरून बाहेर पडा म्हणजे लूप अडकणार नाही. आणि एक नोंद 32 बाइटच्या पेजच्या हद्दीवर तुटत नाही ना ते बघून घ्या, तिथे नॅक येत नाही, गुपचूप त्याच पेजच्या सुरुवातीला लिहिलं जातं. 8 बाइटच्या नोंदी 0 पासून लावल्या असतील तर तो प्रश्न नाही.

बल्ककूलर_लॉगर
0 पासूनच आहेत. पोलिंग टाकलं, आता झाकण मुद्दाम बरोबर दहाव्या मिनिटाला उघडून बघतोय, चार वेळा केलं, दोन्ही नोंदी येतायत. डी2 ची वायर तशीच ठेवलीय, आठवडाभर ट्रिगर लावून ठेवतो आणि इथे कळवतो.