सर्व्हर अडकला की आधी रीस्टार्ट, की आधी लॉग?

मांजराकाठ (लातूर)

जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मला बोलावणं आलं होतं. देवघेवीसाठी तिथं कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे, डेबियन लिनक्सवर. सर्व्हर म्हणजे कपाटाशेजारी ठेवलेला एक जुना डेस्कटॉप. पुस्तक नोंदवताना पान अडकायचं, मग कुणीतरी पॉवरचं बटण दाबून धरायचं. यंत्र उठायचं, दुपारपर्यंत चालायचं, परत अडकायचं. कित्येक आठवडे हेच चाललं होतं. ‘लिनक्स आपल्याकडं टिकत नाही, विंडोज टाका’ असं जवळजवळ ठरलंही होतं.

मी एवढंच सांगितलं, की आता अडकलं तर बटणाला हात लावू नका, मला फोन करा. फोन आला तसा गेलो आणि अडकलेल्या यंत्रावरच डी-मेसेज चालवलं. ही आज्ञा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग (घडलेल्या गोष्टींची नोंद) दाखवते. शेवटच्या ओळींत सगळं लिहिलेलं होतं. आधी एटीए१ वर (डिस्कच्या जोडणीवर) वाचनाची आज्ञा फसल्याच्या ओळी, मग एसडीए डिस्कवर आय-ओ (वाचण्या-लिहिण्याची) एरर, मग एक्स्ट४ ची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या फाइलसिस्टिमची, तक्रार, आणि शेवटी ‘रीमाउंटिंग फाइलसिस्टिम रीड-ओन्ली’. लिहिण्यात धोका दिसल्यावर कर्नलनं स्वतःहून लिहिणं बंद केलं होतं. मारियाडीबी या डेटाबेसला लिहिता येईना, म्हणून कोहाचं पान हलेना.

मग स्मार्टसीटीएल लावून डिस्कनं स्वतः ठेवलेला बिघाडांचा हिशेब बघितला. ५ नंबरचा आकडा, म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे तुकडे), शून्य. १९७ नंबर, म्हणजे वाचता न येणारे सेक्टर, तोही शून्य. पण १९९ नंबरचा सीआरसी एररचा, म्हणजे केबलवरून येता-जाता बिघडलेल्या माहितीचा, आकडा मोठा होता आणि माझ्यासमोर वाढत होता. डिस्क ठणठणीत होती, बिघाड डिस्क जोडणाऱ्या साटाच्या केबलमध्ये होता. केबल बदलली. १९९ चा आकडा कधी मागे येत नाही, पण त्या दिवशी जिथं होता तिथंच तो अजून आहे. विंडोज टाकलं असतं तर त्याच केबलवर तेही पडलं असतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मी हा धागा काढला तो यासाठी, की डी-मेसेजमधला तो मजकूर रॅममध्ये असतो. मूळ डिस्कच रीड-ओन्ली झालेली असली की तो डिस्कवरच्या जर्नलमध्ये (सिस्टिमच्या साठवलेल्या लॉगमध्ये) उतरतही नाही. म्हणजे इतके दिवस दर वेळी बटण दाबून तिथले लोक स्वतःच्या हातानं पुरावा पुसत होते. माझं स्पष्ट मत आहे, की लॉग बघितल्याशिवाय रीस्टार्ट करू नये. कुणाला पटत नसेल त्यांनी सांगावं.

सेवाकेंद्र_जिंतूर

मला पटत नाही, आणि का ते सांगायलो.

माझ्या केंद्रात समोर बाकावर माणसं बसलेली असतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला पाहिजे, कुणाला सातबारा, कुणाच्या पोरीच्या परीक्षेच्या फॉर्मची आज शेवटची तारीख. पीकविम्याच्या शेवटच्या दोन दिवसांत तर पाय ठेवायला जागा नसती. ही माणसं एसटीनं आलेली, रोजगाराचा खाडा करून. मशीन अडकल्यावर मी त्यांना ‘थांबा, कर्नल काय म्हणायला ते वाचतो’ असं म्हणू? सकाळी गावाकडून आलेल्या म्हातारीला एका केबलच्या शोधापायी दुसरा हेलपाटा घालायला लावणं मला मंजूर नाही. मी रीस्टार्ट करतो, काम पुढं सरकतं.

मोठ्या डेटा सेंटरातसुद्धा सर्व्हर बिघडला की आधी तो बाजूला काढतात, काम दुसऱ्यावर टाकतात आणि तपास सावकाश करतात. त्यांच्याकडं दुसरा असतो, माझ्याकडं एकच आहे. माझ्याजवळ ‘बाजूला काढणं’ म्हणजे रीस्टार्टच.

लिनक्सच्या विरोधात मी नाही, हेही सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझ्या मशीनींत टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, त्यामुळं विंडोज ११ रीतसर चढत नाही. लिनक्स मिंट टाकलं, आणि दाखल्यांचं काम त्याच्यावर व्यवस्थित चालायलंय.

मांजराकाठ (लातूर)

दादा, तुमच्या बाकावरच्या माणसांचा मुद्दा मी हलका धरत नाही. पण मी तास-अर्धा तास मागतच नाही. टर्मिनलमध्ये तीन गोष्टी बघायच्या: डी-मेसेजच्या शेवटच्या ओळी, डीएफ -एच आणि डीएफ -आय (डिस्क किती भरली), फ्री -एच (रॅम किती उरली). पडद्याचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि मग खुशाल रीस्टार्ट करायचं. तपास संध्याकाळी होऊ द्या.

नाही बघितलं तर काय होतं त्याचं आणखी एक उदाहरण देतो. एका दुकानाचा बिलिंगचा सर्व्हर दर काही आठवड्यांनी भरायचा. डीएफ म्हणे डिस्क १०० टक्के भरली, डीयू सगळे फोल्डर मोजून म्हणे अर्धीसुद्धा नाही. कुणीतरी मोठी लॉग फाइल डिलीट केली होती, पण लिहिणारा प्रोग्रॅम ती उघडीच धरून बसला होता. लिनक्समध्ये फाइलचं नाव पुसलं तरी ती धरून ठेवणारी प्रोसेस जिवंत असेपर्यंत जागा सुटत नाही. रीस्टार्ट केलं की प्रोसेस मरते, जागा मोकळी होते आणि ‘झालं बरं’ असं वाटतं. जुन्या लॉग फाइली काढणाऱ्या लॉगरोटेटची चुकलेली सेटिंग मात्र जागच्या जागी राहते. एलएसओएफ +एल१ (एल मोठा) ही एक आज्ञा त्या फाइलचं आणि प्रोसेसचं नाव दाखवते, पण अडचण चालू असतानाच. रीस्टार्टनंतर दाखवायला काहीच उरत नाही.

आणि अख्खं मशीन कशाला? प्रिंट अडकली तर सिस्टिमसीटीएलनं फक्त कप्स ही छपाईची सेवा रीस्टार्ट करा. बाकावरच्या माणसाचा अर्धवट भरलेला फॉर्म ब्राउझरमध्ये तसाच राहतो.

लॅब_नांदेड

दोघांचंही वाचलं. दोघंही असं धरून चालला आहात की मशीनसमोर जाणता माणूस बसलेला आहे.

मी महाविद्यालयात शिकवते. सर्व्हरचा ‘अतिरिक्त कार्यभार’ माझ्याकडं आहे. सिस्टिम अॅडमिन हे पदच मंजूर नाही. मी वर्गावर असताना लॅबमध्ये शिपाईदादा असतात किंवा दुसऱ्या वर्षाची मुलं. त्यांनी डी-मेसेज वाचावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे. त्यांना बटण दिसतं, ते बटण दाबतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. म्हणून रीस्टार्ट झाला तरी पुरावा राहील अशी सोय आधीच करून ठेवावी, असं मला वाटतं.

ती करता येते. लॉग लिहिणारं जर्नलडी बाय डिफॉल्ट ‘ऑटो’वर असतं: व्हार-लॉगखाली जर्नल नावाचा फोल्डर असेल तर डिस्कवर लिहितं, नसेल तर रनखाली, म्हणजे रॅममध्ये. डेबियन ११ पासून हा फोल्डर आपोआप येतो. पण सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर तो नसतो. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, तरी आपल्याकडं किती कपाटांत ते अजून चाललंय! फोल्डर करून जर्नलडी रीस्टार्ट केलं की पुढच्या वेळी जर्नलसीटीएल -बी -१ लावून आधीच्या बूटचा लॉग निवांत वाचता येतो. मेमरी संपून ओओएम किलरनं मारियाडीबी मारला असेल तर तेही त्यात सापडतं. शिपाईदादांनी बटण दाबलं तरी चालतं.

केबलच्या प्रकरणात हे उपयोगी पडलं नसतं, मान्य. पण सगळेच बिघाड डिस्कचे नसतात.

बालाघाट (अंबाजोगाई)

रीस्टार्ट की लॉग हा वाद मला दुय्यम वाटतो. आपल्याकडच्या यंत्रांचं खरं दुखणं लाईट आहे. दिवसातून दोनदा कुणी न विचारता तुमचा सर्व्हर रीस्टार्ट होत असेल तर ‘लॉग वाचल्याशिवाय रीस्टार्ट करू नये’ हा नियम महावितरणला कसा सांगणार?

एक्स्ट४ चं स्वतःचं जर्नल आहे, डेटाबेसच्या इनोडीबीचा रीडू लॉग आहे, दोन्ही अर्धवट राहिलेलं लिहिणं सावरतात, त्यामुळं बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. पण तो शेवटचा आधार आहे, रोज त्याच्यावर रेटायचं नसतं. ज्या ज्या कार्यालयात मी गेलो तिथं यूपीएस असतो, आणि त्याची यूएसबी केबल डब्यातच, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. ती सर्व्हरला जोडा, नट किंवा एपीसीयूपीएसडी हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर टाका, आणि बॅटरी उतरत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल अशी सेटिंग करा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात बंद खोलीतली यूपीएसची बॅटरी लवकर मरते, हेही धरून चाला. वर्षातून एकदा प्लग काढून किती मिनिटं टिकते ते बघा, जून लागायच्या आत.

आणि एक बारीकशी गोष्ट, जिच्यापायी मी लोकांना अख्खं लिनक्स पुन्हा टाकताना बघितलंय. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. लाईट जाऊन आली की घड्याळ कित्येक वर्षं मागं. मग एकही एचटीटीपीएस साइट उघडत नाही, सर्टिफिकेट चुकीचं म्हणते. सॉफ्टवेअरची यादी ताजी करणारं एपीटी अपडेट म्हणतं, रिलीज फाइल अजून वैध नाही. नेट चालू असतं, पिंग जातो, तरी काहीच होत नाही आणि माणूस चक्रावतो. डेट ही आज्ञा आधी द्या, पुढची दोन तासांची झटापट वाचेल. सेल नाण्याएवढा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

सेवाकेंद्र_जिंतूर

बालाघाट भाऊ, सेलचं लाखमोलाचं सांगितलंत. माझ्या एका मशीनीची तारीख रोज सकाळी मी हातानं लावायलो. उद्याच बदलतो.

मांजराकाठ सर, फोटोचं मान्य करतो, रोजच्या दिवशी. पण शेवटच्या तारखेला, संध्याकाळी पाचनंतर, पोर्टल आधीच रडत असताना मी फोटोही काढणार नाही. त्या वेळेला एकेक मिनिट कुणाच्या तरी वर्षाचं असतं. हा नियम सगळ्यांना सरसकट लावू नका.

मांजराकाठ (लातूर)

मी नियम अजूनही सरसकटच ठेवतो, कारण अपवाद केला की रोजच शेवटची तारीख वाटायला लागते. पण निदान बटण दाबून धरू नका. आल्ट आणि सिसआरक्यू (प्रिंट स्क्रीनची कळ) दाबून ठेवून हळूहळू एस, यू, बी दाबा: राहिलेलं डिस्कवर लिहिलं जातं, डिस्क रीड-ओन्ली होते, मग यंत्र रीस्टार्ट होतं. उबुंटूवर आणि मिंटवर या तीन कळा मुळातच चालू असतात. याला बटणापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

ताईंना एक सांगतो. तुमची सोय चांगली आहे, पण दुबळी डिस्क ही जुन्या यंत्रांची रोजची तक्रार, आणि नेमकी तिथंच ती तोकडी पडते.

लॅब_नांदेड

म्हणून मुलांना एवढंच शिकवायचं ठरवलंय: अडकलं की एक आज्ञा, एक फोटो, मग मला व्हॉट्सअॅप. अडचण अशी, की नव्या डेबियनवर डी-मेसेज साध्या यूजरला बघता येत नाही, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं. मुलांना रूटचा (सगळे अधिकार असलेल्या यूजरचा) पासवर्ड मी देणार नाही.

बालाघाट (अंबाजोगाई)

रूट द्यायची गरजच नाही. लॅबच्या यूजरला एडीएम ग्रुपमध्ये (लॉग वाचायची परवानगी असलेल्या गटात) टाका, म्हणजे जर्नलसीटीएल -के (कर्नलचा लॉग) सूडोशिवाय, रूटचे अधिकार न घेता, चालेल. डिस्क रीड-ओन्ली झाल्यावरच्या वेळेसाठी व्हीआयसूडोमध्ये (सूडोच्या सेटिंगमध्ये) त्या यूजरला पासवर्डशिवाय फक्त एक आज्ञा द्या, डी-मेसेज -टी (टी मोठा), पूर्ण पाथसकट आणि -टी सकट. नुसतं डी-मेसेज लिहिलंत तर कुठलाही ऑप्शन चालतो, आणि मोठा सी लावून कुणी तो सगळा मजकूर पुसूनही टाकेल. बदल केल्यावर त्या यूजरनं लॉगिन करून दोन्ही आज्ञा चालवून बघा, मगच या आज्ञांचा कागद भिंतीला चिकटवा.